महामारी आणि मरणाची उतरंड

मरणापुढे राव आणि रंक सारखेच, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. देहाची अनित्यता लक्षात घेता हे विधान खरेच आहे. मात्र साथीच्या रोगांचा इतिहास वाचताना ते अपुरे पडते. रोगाचा जंतू माणसाची जात विचारीत नाही, हे निर्विवाद. परंतु त्या जंतूच्या वाटेत आधी कोणाला उभे करायचे, साथ आल्यावर घर सोडून जाण्याची मुभा कोणाला असावी, प्रेत कोणी उचलावे आणि साथ ओसरल्यावर उरलेल्यांच्या श्रमाची किंमत काय ठरावी, हे सर्व प्रश्न समाज ठरवीत असतो. मध्ययुगातील महामारीच्या सामाजिक परिणामांचा विचार या दृष्टीने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पालि अट्ठकथा, फारसी बखरी आणि युरोपातील चौदाव्या शतकाचा वृत्तान्त अशी तीन साधने समोर ठेवली आहेत.

अट्ठकथांतील अहिवातकरोग

पालि वाङ्मयात ‘अहिवातकरोग’ या नावाने एका भयंकर साथीचा उल्लेख वारंवार येतो. शब्दाचा अर्थ ‘सर्पाच्या श्वासासारख्या वाऱ्याने होणारा रोग’. भाषांतरकारांनी त्याला कोठे हिवताप, तर कोठे प्लेग म्हटले आहे. रोगाची वैद्यकीय ओळख हा वेगळा विषय होय. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते अट्ठकथाकाराने नोंदविलेले मृत्यूचे अनुक्रम.

परंपरेने बुद्धघोषाचार्यांच्या नावावर असलेल्या आणि सामान्यतः इसवी सनाच्या पाचव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या धम्मपदट्ठकथेत कुम्भघोसकाची कथा आहे. राजगृहात अहिवातकरोग उद्भवला. या रोगात माश्यांपासून गुरांपर्यंतचे प्राणी प्रथम मरतात, त्यानंतर दास आणि मजूर मरतात आणि सर्वांत शेवटी घराचे धनी मरतात, असे ही कथा सांगते. सामावतीच्या कथेत हाच क्रम अधिक तपशिलाने येतो आणि त्यात उंदरांचा उल्लेख आहे. उंदीर आधी पडतात आणि मग माणसे, हे निरीक्षण प्लेगच्या आधुनिक ज्ञानाशी जुळणारे असल्याने अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले. परंतु उंदीर आणि घरधनी यांच्या मध्ये जी पायरी आहे, तिच्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. ती पायरी दासदासींची आहे. जनावरांच्या नंतर आणि मालकाच्या आधी! गोठ्याजवळ, कोठाराजवळ, जमिनीवर निजणारा, धान्य निवडणारा आणि मेलेले उचलून टाकणारा माणूस आधी मरतो, हे पाचव्या शतकातील लेखकाला ठाऊक होते. त्याने ते निसर्गनियमासारखे लिहून ठेवले. आपण त्याला समाजनियम म्हणावयास हवे.

रतनसुत्ताच्या अट्ठकथेतील वैशालीचा वृत्तान्त याहून बोलका आहे. वैशालीत दुष्काळ पडला. प्रथम गरीब माणसे मेली. त्यांची प्रेते नगराबाहेर फेकून देण्यात आली. त्या दुर्गंधीने अमनुष्यांचा नगरात प्रवेश झाला, मृत्यू वाढले आणि अखेर अहिवातकरोगाने नगर ग्रासले, असा क्रम तेथे दिला आहे. अमनुष्यांची कल्पना त्या काळाची म्हणून बाजूला ठेवली, तर राहते ती कार्यकारणाची सरळ साखळी. भूक, गरिबांचे मरण, त्यांच्या प्रेतांची हेळसांड आणि मग सर्वांवर येणारी साथ. ज्यांना नगराने बाहेर फेकले, त्यांच्यामार्फतच संकट नगरात परतले. रतनसुत्ताचे परित्तपठण आपल्या विहारांतून होते. पठणाबरोबर या पूर्वकथेचाही विचार व्हावा.

साथीमुळे माणसे कशी उखडली जातात, हेही या कथांत दिसते. भद्दवती नगरातील श्रेष्ठी अहिवातकरोगाच्या भयाने पत्नी व मुलगी यांना घेऊन कोसंबीला निघाला. काल-परवापर्यंत संपन्न असलेले हे कुटुंब घोसित श्रेष्ठीच्या दानशाळेत अन्नासाठी उभे राहिले. आई-वडील तेथेच मरण पावले. दानशाळेतील रेटारेटी पाहून त्या मुलीने कुंपण घालून आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेगळी दारे करण्याचा उपाय सुचविला. सामा नावाची ती मुलगी या कुंपणामुळे, म्हणजे ‘वती’मुळे, सामावती झाली. निर्वासितांच्या रांगेला शिस्त लावणारी एक निर्वासित मुलगी, असे हे चित्र आहे.

मात्र येथेही एक भेद लक्षात ठेवावा. अट्ठकथेनुसार भिंत फोडून पळून जाणारेच या रोगातून वाचतात. भिंत फोडून जाण्याचे स्वातंत्र्य श्रेष्ठीला होते. दासाला ते नव्हते.

फारसी बखरींतील साथी

दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासात एका साथीने राजकारणाची दिशा बदलली. १३३४-३५ च्या सुमारास मुहम्मद तुघलक मदुरेचे बंड मोडण्यासाठी दक्षिणेस निघाला. वारंगळ येथे त्याच्या सैन्यात साथ पसरली, अनेक सरदार व असंख्य सैनिक मेले आणि स्वतः सुलतानही आजारी पडला. मोहीम सोडून तो मागे फिरला. त्यानंतरच्या काही वर्षांत मदुरे, वारंगळ आणि विजयनगर येथे स्वतंत्र सत्ता उभ्या राहिल्या व १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. साथ हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण सुलतानाचे लष्करी बळ खचण्यात तिचा वाटा होता.

या परतीच्या प्रवासातील एक गोष्ट फरिश्ता सांगतो. बीड येथे सुलतानाचा दुखरा दात काढण्यात आला, तो समारंभपूर्वक पुरण्यात आला आणि त्यावर कबर बांधण्यात आली. वारंगळच्या छावणीत मेलेल्या सामान्य सैनिकांची, घोड्यांच्या मोतद्दारांची, पाणी वाहणाऱ्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. राजाच्या दाताला मात्र कबर मिळाली. मध्ययुगीन साधने वाचताना हा तोल सतत ध्यानात ठेवावा लागतो.

जहांगीरच्या काळात १६१६ पासून पंजाब, दिल्ली व पुढे आग्र्याच्या बाजूस प्लेगची मोठी साथ आली. उंदीर बिळातून वेड्यासारखा बाहेर येतो, भिंतींवर आपटतो आणि मरतो. ही खूण दिसताच लोक घर सोडून रानात गेले तर वाचतात, नाहीतर सारे गाव मरते, असे मुतमदखानाने ‘इकबालनामा’त लिहिले आहे. जहांगीरने स्वतःच्या आत्मवृत्तात एका उमराव घराण्यातील हकिकत नोंदविली आहे. आसफखानाच्या मुलीने ती त्याला सांगितली. तिच्या अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा धडपडत होता. तिने एका दासीला तो शेपटीला धरून मांजरापुढे टाकण्यास सांगितले. मांजराने तो तोंडात धरून लगेच टाकून दिला. मांजर आजारी पडले, त्याला औषध देण्यात आले आणि ते चौथ्या दिवशी सावरले. दासीच्या अंगावर मात्र गाठ उठली, तिला तीव्र ताप चढला आणि ती मेली. मग घरातील इतरही मरू लागले, तेव्हा ती बाई राहते घर सोडून बागेत राहावयास गेली. आठ-नऊ दिवसांत एकूण सतरा माणसे गेली.

धम्मपदट्ठकथा आणि जहांगीरचे आत्मवृत्त यांत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. तरीही दोन्हींतील क्रम एकच आहे. आधी उंदीर, मग दासी, मग घरची माणसे. उंदीर हाताने उचलण्याचे काम जिच्याकडे होते तीच पहिली गेली. उंदरावरील पिसवांतून हा रोग माणसात येतो, हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये दाखविले. पिसवांना जात कळत नाही. परंतु मेलेला उंदीर कोणी उचलायचा, हे घरातील उतरंडीने आधीच ठरविले होते.

औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर जिंकले. दोनच वर्षांनी, १६८८ च्या अखेरीस, तेथे प्लेग उद्भवला. काखेत, कानामागे, जांघेत गाठ, डोळे लाल आणि तीव्र ताप अशी लक्षणे खाफीखानाने दिली आहेत. औरंगाबादी महल ही बादशहाची पत्नी या साथीत मरण पावली आणि गाझीउद्दीन फिरोजजंग या सेनापतीची दृष्टी गेली. येथेही नावे राहिली ती राणीची आणि सेनापतीची.

युरोपातील काळा मृत्यू

१३४७ च्या ऑक्टोबरात सिसिलीतील मेसिना बंदरात पोहोचलेला प्लेग १३५१ पर्यंत युरोपभर पसरला. युरोपची किमान एक-तृतीयांश लोकसंख्या त्यात नष्ट झाली, असे मानले जाते. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील अवशेषांतून २०११ मध्ये या जंतूची जनुकीय ओळख पूर्णपणे पटली. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ च्या कबरींतही त्याचा पूर्वज आढळला.

या महामारीचे दोन सामाजिक परिणाम आपल्याला विशेष विचारात घ्यावे लागतात. पहिला परिणाम म्हणजे दोषारोप. ज्यूंनी विहिरींत विष कालविले, अशी अफवा उठली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येच हा आरोप खोटा असल्याचे जाहीर केले होते. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, एवढा साधा युक्तिवाद त्याने केला होता. जमावाने तो ऐकला नाही. वस्तीबाहेर ठेवलेल्या समाजावर संकटाचे खापर फोडणे ही प्रवृत्ती कोणत्याही एका धर्माची नाही.

दुसरा परिणाम श्रमाच्या किमतीचा. माणसे इतकी मेली की शेतावर राबणारे हात कमी पडले. उरलेले शेतमजूर अधिक मजुरी मागू लागले आणि न मिळाल्यास दुसऱ्या जमीनदाराकडे जाऊ लागले. इंग्लंडमध्ये १३४९ च्या राजाज्ञेने आणि १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या पातळीवर बांधून टाकण्यात आली. साठ वर्षांखालील धडधाकट माणसाने मिळेल ते काम स्वीकारलेच पाहिजे, असे बंधन आले. मोडणाऱ्यांना खोड्यात घालण्यात येई. तरीही हा कायदा मजुरी कायमची दाबून ठेवू शकला नाही. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तो चिरडला गेला, पण पुढील शतकात इंग्लंडमधील भूदास्य हळूहळू विरून गेले. पूर्व युरोपात मात्र उलट घडले. तेथे पुढील काळात जमीनदारांनी शेतकऱ्यांना जमिनीला अधिकच जखडले. म्हणजे नुसत्या मनुष्यहानीने श्रमिक मुक्त होत नाही. आपले श्रम घेऊन दुसरीकडे जाण्याची वाट त्याला मोकळी असावी लागते.

ही वाट आपल्याकडे कोणी अडविली?

भारतीय खेड्यात कामाची वाटणी मजुरीने होत नव्हती, ती जन्माने होत होती. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) सारख्या धाम नदीकाठच्या गावापासून पार कोकणापर्यंत गावगाड्याची रचना तपशिलात वेगळी असली, तरी तिचे तत्त्व एकच होते. वेस राखणे, निरोप पोहोचविणे, मृत्यूची वर्दी परगावी नेणे, सरणासाठी लाकूड पोहोचविणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही महारांची कामे होती. साथीच्या दिवसांत यांतील प्रत्येक काम रोगाच्या तोंडी नेणारे होते. वर्दी घेऊन जाणारा एका बाधित गावातून दुसऱ्या गावात जाई. ओढलेल्या जनावराच्या अंगावरील पिसवा ओढणाऱ्याच्याच अंगावर येत. गावकरी रानात राहुट्या ठोकून राहात, तेव्हा ओस पडलेल्या गावाची राखण ज्याच्याकडे असे, त्याला गाव सोडणे शक्य नव्हते. या कामांचा मोबदला बलुत्याच्या रूपाने ठरलेला होता. माणसे कमी झाली म्हणून तो वाढावा, अशी त्या व्यवस्थेत सोय नव्हती. कारण काम सोडून जाणे म्हणजे वतन, घर आणि जातपंचायत सारेच सोडणे होते. इंग्लंडच्या राजाला जे करण्यासाठी कायदा करावा लागला, ते आपल्याकडे चातुर्वर्ण्याने कायद्यावाचून साधले होते.

मरीआईच्या गाड्याची प्रथाही येथे आठवते. साथ आली की रोगाची देवी गाड्यात बसवून गावच्या शिवेपलीकडे पोहोचवायची. म्हणजे रोग पुढल्या गावच्या दारात नेऊन ठेवायचा. रोग निवारण्याऐवजी तो दुसऱ्याच्या वाट्याला ढकलण्याची ही रीत गावाने धर्म म्हणून पाळली.

मुंबईचा दाखला

मध्ययुगातील ही उतरंड आधुनिक शहरात आली, तेव्हा काय झाले, याचा दाखला मुंबईने दिला. सफाई कामगारांनी १८८९ मध्ये संप केला. त्यानंतर १८९० मध्ये मुंबईच्या नगरपालिका सेवकांसाठी कायदा झाला. रजेवाचून व पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा त्यांच्यासाठी तुरुंगवासास पात्र असा गुन्हा ठरला. सहाच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि शहरातून लाखो लोक बाहेर पडू लागले.

१८९७ च्या आरंभी गिरण्यांना कामगार मिळेनात. गिरणीमालकांनी रोजच्या रोज मजुरी देण्याचे मान्य केले. रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभे राहून मजुरांसाठी चढती बोली लावली जाऊ लागली. चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जे घडले, तेच येथे घडले. गिरणी कामगाराला थोडा काळ तरी आपल्या श्रमाची किंमत सांगता आली. त्याच शहरात हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सफाई कामगाराची गरज सर्वांत निकडीची होती. तो गेला तर शहर राहण्यायोग्य उरणार नाही, याची धास्ती तत्कालीन आयुक्त स्नो यांनाही होती. पण गिरणी कामगाराची मोकळीक त्याला कायद्याने नव्हती. ज्याच्यावाचून शहराचे चालत नव्हते, त्यालाच आपल्या गरजेची किंमत मागण्याचा अधिकार नव्हता. सफाईचे काम नाकारणे हा गुन्हा ठरविणाऱ्या अशा कायद्यांकडे बाबासाहेबांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात लक्ष वेधले, ते याचसाठी.

या अंधारात एक दिवा पुण्यात दिसतो. १८९७ मध्ये पुण्यास प्लेगने ग्रासले, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून हडपसरजवळ रुग्णसेवेचे केंद्र उघडले. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगितले जाते. सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. ज्याला शिवणे विटाळ मानले जाई, त्याला पाठीवर घेणे, या एका कृतीत उतरंड उलटी झाली.

विनयातील रुग्णसेवा

आता पुन्हा पालि साहित्याकडे वळू. मृत्यूचा क्रम नोंदविणाऱ्या त्याच परंपरेत त्या क्रमाला दिलेले उत्तरही आहे. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात एका भिक्षूची कथा येते. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी संघाला सांगितले की, तुमची काळजी घेण्यास येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे, आणि ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी. पुढे नियम सांगितला आहे. उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहनिवासी यांनी क्रमाने रुग्णाची सेवा करावी, कोणीच नसेल तर संघाने करावी. न केल्यास दुक्कट दोष लागतो. चांगल्या सेवकाच्या पाच गुणांत मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न बाळगणे हा एक गुण आहे. जे काम समाजाने एका जातीच्या कपाळी लिहिले, ते विनयाने प्रत्येक भिक्षूचे कर्तव्य केले, मग तो ब्राह्मण कुळातून आलेला असो वा उपालीसारखा नाभिक कुळातून.

पब्बज्जेच्या प्रकरणात अहिवातकरोगाचा उल्लेखही येतो. आनंदाला दान देणारे एक कुटुंब या रोगाने नष्ट झाले आणि दोन लहान मुले तेवढी उरली. पंधरा वर्षांखालील मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम असल्याने आनंद पेचात पडला. ती मुले कावळे हाकलण्याइतकी मोठी आहेत काय, एवढेच तथागतांनी विचारले आणि तितकी मोठी असतील तर त्यांना संघात घेण्याची अनुज्ञा दिली. साथीने पोरक्या झालेल्या मुलांसाठी नियम वाकविला गेला.

विनयाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मगधात पाच रोगांची साथ असताना जीवक राजा बिंबिसार आणि संघ यांच्यावरच उपचार करी. म्हणून उपचारासाठी लोक प्रव्रजित होऊ लागले, तेव्हा त्या रोगांच्या रुग्णांना प्रव्रज्या देण्याचे थांबविण्यात आले. पळून आलेल्या दासालाही संघाचे दार बंद होते. भोवतालच्या राज्यसत्तेशी संघाला जुळवून घ्यावे लागले, हे यातून दिसते. पण सेवेचा दंडक घातला तो सर्वांवर, हेही तितकेच स्पष्ट दिसते.

अशा प्रकारे साथीच्या इतिहासात तीन प्रकारचे कायदे आढळतात. १३५१ च्या इंग्लंडने सर्व गरिबांना कामाला बांधले. १८९० च्या मुंबईने ज्यांना जातीने आधीच बांधले होते, त्यांना तुरुंगाच्या धाकाने पुन्हा बांधले. विनयाने रुग्णाची घाण काढण्याचे काम सर्वांमध्ये वाटून दिले आणि ते टाळणे हा दोष ठरविला. यांतील तिसरा कायदा काळाने सर्वांत जुना आहे.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगसदृश गाठींचे रुग्ण आढळले आणि पुढील महिन्यात सुरतेत हाहाकार उडाला. २०२० च्या महामारीत शहरे बंद झाली, मजूर शेकडो मैल पायी चालले आणि सफाई कामगार पुरेशा साधनांवाचून कामावर राहिले. साथीचे औषध विज्ञान शोधते आणि शोधील. मेलेला उंदीर उचलण्यास आधी कोणाचा हात पुढे केला जातो, या प्रश्नाचे उत्तर मात्र समाजालाच द्यावे लागते. ते उत्तर बदलेल, तेव्हाच मरणापुढे राव आणि रंक सारखे, हे वचन इतिहासाच्याही कसोटीला उतरेल.